एका बोटाची वर्गणी

एकाच माणसाचं एकच नाक दोनदा फोडलेला इसम आमच्या भिंतीपलीकडे राहतो. पहिल्यांदा उजव्या मुठीने, दुसऱ्यांदा त्याच हातावरच्या प्लास्टरने. दोन्हींत सात आठवड्यांचं अंतर. नाकवाल्याने दोन्ही वेळा पोलिसांत तक्रार केली नाही. का केली नाही हे सांगायचं, तर कॉलेजच्या लायब्ररीत येणाऱ्या जर्नलांची वर्गणी कशी ठरते तेही सांगावं लागेल. घाबरू नका. मी कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो, प्रोफेसर नाही. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

आमच्या शेजाऱ्याला सगळे शिकंजा म्हणतात. लायब्ररीत तो बाइंडर. वर्षभराचे सुटे अंक एकत्र शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि लोखंडी शिकंज्यात दाबून ठेवायचे, हे त्याचं काम. पण नाव पडलं ते दुसऱ्याच कारणाने. एका प्राध्यापकाने जर्नलातली चार पानं ब्लेडने कापून नेली, तेव्हा याने त्याचा हात शिकंज्यात घातला आणि चाक फिरवत फिरवत विचारलं, "पानं कुठायत?" दुसऱ्या फेऱ्याला पानं निघाली. तिसरा फेरा कशाला दिला, असं मी विचारलं तर म्हणाला, "व्याज."

रक्तातच होतं ते. बाप लाकडाच्या वखारीत करवतीवर. त्याच्या एका हाताला सव्वादोन बोटं उरलेली, आणि तेवढीच पोराला बडवायला पुरायची. पंधराव्या वर्षी पोराने बापाच्या हातातला पट्टा हिसकला आणि गच्चीवरून खाली टाकला. नशीब, पट्टाच टाकला. त्यानंतर बापाने त्याला कधी मारलं नाही. बोललाही नाही.

आता बोटाची गोष्ट. चौतीस वर्षांपूर्वी शिकंजा चोवीस वर्षांचा होता. कटिंग मशीनवर अंकांच्या कडा कापत होता. मशीनचं पातं म्हणजे हातभर लांब, एका झटक्यात तीनशे पानं आरपार. कुणीतरी हाक मारली, याने मान वळवली, आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर कडेच्या कातरणांत जाऊन पडलं. खाली होता धातूंना तडे कसे जातात यावरच्या जर्नलाचा ताजा अंक. मुखपृष्ठापासून चाळिसाव्या पानापर्यंत रक्त झिरपलं. जुने ग्रंथपाल धावत आले. बोटाकडे पाहिलं, अंकाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर, "कितवा अंक?"

तिकडे अपघात विभागात एक तरुण नर्स उरलेल्या बोटाला टाके घालायला बसली. हा तिच्या सुईकडे बघत म्हणाला, "तुमचा टाका सैल आहे." तिने मोकळ्या हाताने याच्या कानाखाली आवाज काढला आणि पुढचा टाका असा ओढला की हा खुर्चीवरून उठलाच. आठ महिन्यांनी लग्न झालं. त्या आमच्या वहिनी. भिंत पातळ आहे, त्यामुळे त्यांचं प्रेम मला गेली तेहतीस वर्षं ऐकू येतंय. एकदा तर फुलदाणी आमच्या बाजूच्या प्लास्टरपर्यंत पोचली होती.

रक्ताने भरलेला अंक कपाटात ठेवता येईना. जुन्या ग्रंथपालांनी आतल्या पानावर शाईने लिहिलं, "अपघातात खराब. दुसरी प्रत मागवली." खाली सही, तारीख. सुटा अंक मिळत नव्हता, म्हणून त्या जर्नलाची वर्षभराची दुसरी वर्गणी भरायचं ठरलं. इथे कारकुनाने घोळ घातला. मागणीपत्रकावर ते जर्नल काढणाऱ्या कंपनीची अडतीस जर्नलं होती. 'प्रती' या रकान्यात एका ओळीपुढे दोन लिहायचे, तर त्याने रकान्याच्या डोक्यावरच दोन लिहिले. अडतीसच्या अडतीस जर्नलं दोन दोन प्रतींनी यायला लागली. पुढचा प्रत्येक कारकून मागच्या वर्षीचं पत्रक बघून नवीन भरायचा. दोनचे दोन राहिले.

शिकंजाला वाटलं, साहेबांनीच मुद्दाम मागवलेत. पुन्हा याचं बोट गेलं तर हाताशी एक संच असावा म्हणून. ही लाज तो पंचवीस वर्षं पोटात घेऊन बसला. कुणाला विचारलं नाही. जे आलं ते शिवलं. पहिला संच लाल कापडात, वरच्या मजल्यावर. दुसरा हिरव्या कापडात, तळघरात. आणि स्वभाव बघा, रक्ताचा अंक त्याने फेकला नाही. हिरव्या संचाच्या पहिल्याच खंडात शिवून टाकला. नव्या बाई ग्रंथपाल म्हणून आल्या, त्यांना वाटलं हिरवा संच कुठल्यातरी बंद पडलेल्या विभागाचा असेल.

बारा वर्षांपूर्वी कंपनीचा टायवाला आला. तेव्हा तो नम्र होता. म्हणाला, कागद चालू ठेवा, वर फक्त दहावा हिस्सा जास्त द्या, आणि हीच जर्नलं स्क्रीनवरही वाचा. सगळे खूश. तीन वर्षांनी म्हणाला, आता कागद कशाला? बंद करा, थोडी सूट देतो. सूट म्हणजे शंभरात पाच. छपाई गेली, टपाल गेलं, बोटी आणि विमानं गेली, आणि स्वस्ताई आली शंभरात पाच! शिवाय दर वर्षी शंभरात सात वाढ. शिवाय न मागितलेली पावणेचारशे जर्नलं त्याच गाठोड्यात बांधून, आणि गाठोड्यातलं एकही कमी करायचं नाही. कुणी वाचो न वाचो. बाई म्हणायच्या, "मी लायब्ररी चालवते की ओलीस राहिलेय तेच कळत नाही."

कागद थांबला तसा शिकंजा रिकामा झाला. जुन्या पुस्तकांच्या पाठी सांधत बसायचा आणि घरी येऊन दारं आपटायचा.

पहिलं नाक फुटलं ते नव्या पाच वर्षांच्या कराराच्या वेळी. टायवाला सेक्रेटरींसमोर पडद्यावर चित्रं दाखवत होता. सेक्रेटरी म्हणजे संस्थेचे मालकच म्हणा. त्यांना लायब्ररीच्या जागेत कॉम्प्युटरची मोठी खोली हवी होती. टायवाला म्हणाला, "कागद म्हणजे धूळ आणि वाळवी. जुनं सगळं रद्दीत घाला. चाळीस वर्षांचं आमच्याकडे स्क्रीनवर आहे."

मागून शिकंजाने विचारलं, "वर्गणी थांबवली तर?"

"तर काय?"

"तर त्या चाळीस वर्षांचं काय होतं?"

टायवाला हसला. "काका, भाडं थांबलं की घर सोडायचं असतं."

"आणि हा कागद? तो तर विकत घेतलाय."

"तो तुमचाच. घ्या उशाला." असं म्हणून त्याने शिकंजाच्या गालावर दोन चापट्या मारल्या. लाडाने. तिसरी मारायला हात उचलला तोवर तो टेबलाखाली होता आणि पांढऱ्या पडद्यावर लाल शिंतोडे उडाले होते. करार अडकू नये म्हणून टायवाला पोलिसांत गेला नाही, शिकंजाला माफीनामा तेवढा लिहायला लावला. मीच त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पडदा धुऊन देईन' एवढंच लिहिलं होतं.

चार आठवड्यांनी बाई नवा करार घेऊन माझ्या दुकानात आल्या. लायब्ररीचं मशीन बिघडलं होतं. आता मशीनवर पान उलटं ठेवेपर्यंत माझी नजर त्यावरून फिरतेच, तिला मी काय करू? एक कलम होतं, ठरलेली किंमत बाहेर कुणालाही सांगू नये. मी काही सही केली नव्हती. पुढचं पान उचललं आणि मोठ्यानेच वाचलं, "आधारभूत खर्च, म्हणजे ज्यावर दरवाढ चढते तो आकडा. कागद चालू असताना भरलेली शेवटची वर्गणी. अडतीस जर्नलं, प्रत्येकी दोन प्रती."

बाई म्हणाल्या, "दोन?"

"दोन. अक्षरी आणि अंकी."

"स्क्रीनच्या कसल्या दोन प्रती?" बाईंनी पान ओढून घेतलं. "नऊ वर्षं कागद येत नाही, आणि मी दुप्पट भरतेय. वर सात टक्के चढवून."

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे भिंतीपलीकडे पोचवलं. गंमत म्हणून. शिकंजाने सगळं ऐकलं, डाव्या हाताचं थोटं बोट वर करून त्याकडे बघत राहिला आणि एकदम भिंतीवर डोकं आपटलं. एकदा नाही, चारदा. वहिनी ओरडल्या, "पाचवा टाका नाही घालणार हं मी!" तो म्हणाला, "माझ्या बोटाची वर्गणी भरतायत गं. चौतीस वर्षं."

शुक्रवारी सकाळी तो बाईंसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. बाईंनी कंपनीला फोन लावला. टायवाला म्हणाला, दोन प्रती म्हणजे दोन ठिकाणचे वाचक, तसंच आमच्याकडे नोंदलंय. चुकून आलेला जादा संच होता असं म्हणता, तर दाखवा. सही सोमवारी आहे.

दाखवायला होता तो फक्त तळघरातला हिरवा संच. आणि सेक्रेटरींनी रद्दीचा ट्रक शनिवारी बोलावला होता, लाल हिरवं सगळं न्यायला. बाईंनी विनवलं. ते म्हणाले, ट्रकचे पैसे दिलेत. ट्रक थांबवू शकेल असा एकच माणूस होता, प्राचार्य, कारण कॉलेजची वस्तू मोडीत काढायला सही त्याची लागते. तो तीन तासांच्या अंतरावर परीक्षेच्या बैठकीला. बाई शनिवारी पहाटे गाडी काढून निघाल्या. जाताना शिकंजाला म्हणाल्या, "दोनपर्यंत सहीचा कागद आणते. तोवर तळघराला कुणाचा हात लागता कामा नये. वरचं जाऊ दे."

"वरचं जाऊ दे?"

"माणूस एक आहे. दार पण एकच धरता येईल."

अकरा वाजता ट्रक आला. चौघे गडी आणि एक मुकादम. मी दुकान अर्धं ओढून मागोमाग गेलो. मदतीला म्हणत नाही, बघायला. रद्दीवाल्यांना पुठ्ठा नको असतो, नुसता कागद हवा असतो. त्यामुळे त्यांनी काय करावं? खंड उचलायचा, दोन्ही पुठ्ठे पंखांसारखे उलटे धरायचे, गुडघा पाठीत घालायचा आणि फाडायचं. कोंबडीची मान मुरगाळल्यावर होतो तसा आवाज यायचा. शिवण तुटायची ती तटातटा, एकेक टाका. कधी खळ सुटायची नाही तेव्हा पहार घालायचे. लाल कापडाच्या चिंध्या जिन्यावरून खाली यायला लागल्या. तासाभरात वरचा मजला सोलून निघाला.

शिकंजा तळघराच्या लोखंडी दारापाशी, एका हातात लाकडी मोगरी, दुसऱ्यात दाभण. डोळे मिटलेले. प्रत्येक फाडणीला त्याचा खांदा उडत होता. मधेच पुटपुटला, "हा सत्त्याण्णवचा गेला." आवाजावरून ओळखत होता, देवाशपथ.

साडेबाराला मुकादम खाली आला. "काका, बाजूला."

"दोन वाजता."

"मला चारला गिरणीवर खाली करायचाय ट्रक."

"दोन वाजता म्हटलं ना."

एका गड्याने दंड धरला. दाभण त्याच्या मांडीत दोन बोटं गेलं. तो किंचाळत पायरीवर बसला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर मोगरी बसली, काडकन. तिसऱ्याने मागून पुठ्ठ्यांचा गठ्ठा याच्या डोक्यात घातला, आणि तो लालच, याने स्वतः चढवलेला. कपाळ फुटलं. मी म्हणालो, "अरे, वयाचा तरी मान..." तेवढ्यात मलाही पोटात लाथ बसली. त्यानंतर मी तिसऱ्या पायरीवर आडवा होऊन सगळं पाहिलं, त्यामुळे हकिगत जरा खालच्या बाजूने सांगतोय.

तिघे अंगावर आले तसा तो मागे सरकत तळघरात शिरला आणि दार लावून घेतलं. आतून कड्या होत्या, पण अडसराची सळई गंजून केव्हाच गेलेली. दार ढकललं की उघडणार. दारावरच्या झरोक्यातून मला दिसलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मोगरीचा दांडा घालून पाहिला, तो जाड होता. मग शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात कोपरापर्यंत दोन्ही कड्यांतून आरपार घातला.

"शिकंज्या! वेडा झालास का?"

"झेरॉक्स, वाजले किती?"

"एक वाजून दहा."

मुकादमाने लाथ घातली. दार दोन बोटं हललं आणि आतून असा हंबरडा आला की वरच्या मजल्यावर खिडकीतली कबुतरं उडाली. दुसरी लाथ. मग पहार. पहार दाराच्या फटीत घालून त्यांनी रेटा दिला आणि मला तो आवाज ऐकू आला. ओलं लाकूड मोडतं तसा. दार तरीही उघडलं नाही. हाड तुटलं तरी मांस असतं, कातडी असते, आणि हा माणूस असतो. दाराखालून रक्ताची बारीक रेघ आली आणि मुकादमाच्या चपलेला चिकटली.

त्याने खाली पाहिलं. झरोक्यातून आत पाहिलं. पहार हातातून गळाली.

"हात घातलाय यानं," तो गड्यांना म्हणाला. "कडीत. हात." मग माझ्याकडे वळला, "काय आहे आत? सोनंबिनं?"

"जुनी जर्नलं."

"रद्दीसाठी?" तो मटकन माझ्याशेजारी बसला. कपाळ पुसलं. मांडीत दाभण गेलेला गडी म्हणाला, "चला मालक, ही जागा धड दिसत नाही." ते लाल संचाचा कागद घेऊन निघून गेले. बाई दोनला पाच मिनिटं असताना आल्या. प्राचार्यांच्या सहीचा कागद हवेत धरून जिना उतरल्या आणि रक्तावरून घसरल्या.

अपघात विभागात त्या दिवशी वहिनींचीच पाळी. कपाळाला नऊ टाके घातले. हात तीन ठिकाणी मोडलेला, दोन शिरा फाटलेल्या. ते डॉक्टरांचं काम होतं. टाके घालून झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि नवऱ्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, "या वेळी टाका घट्ट होता हं." मग दोघंही रडायला लागली, आणि माझ्या पोटाकडे कुणी बघितलंच नाही.

सोमवारी सही झाली नाही. तीन आठवड्यांनी टायवाला स्वतः आला, नाकावर अजून पट्टीची खूण. बाईंनी टेबलावर हिरवा पहिला खंड उघडला. चौतीस वर्षांत रक्त चहासारखं तपकिरी झालं होतं. आत जुन्या ग्रंथपालांचं अक्षर, तारीख, सही. शेजारी त्या वर्षीचं मागणीपत्रक, रकान्याच्या डोक्यावर दोन. मागे तळघरभर हिरवे साडेनऊशे खंड, एकही कुणी वाचायला काढलेला नाही. दोन ठिकाणचे वाचक कसले, एकाच लायब्ररीत वर आणि खाली.

टायवाल्याने बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या करारात एकच प्रत धरू. निम्मा आधार."

बाई म्हणाल्या, "करार नकोच. जुनं माझ्याकडे कागदावर आहे, ते तुम्हाला बंद करता येत नाही. नवे अंक लागतात त्या एकवीस जर्नलांचेच सुटे घेईन, तेही कागदावर. गाठोडं घेऊन जा."

तेव्हा कुठे तो घाबरला. पुढच्या पाऊण तासात गाठोड्याची किंमत तीनदा खाली आली. बाईंनी नाहीच म्हटलं. फाईल आवरत तो उठला. "मागचं मात्र विसरा. भरलेली वर्गणी परत मिळत नसते." आणि दाराशी उभ्या शिकंजाकडे बघून तिरकं हसला, "काय काका, त्या दिवशी बोट सांभाळलं असतंत तर?"

प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीतून निघाला तो मला दिसलाच नाही. फक्त आवाज आला. बाईंनी शांतपणे रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "पोलिसांत जायचं असेल तर जा. मी हा करार घेऊन येते सोबत, किमतीसकट. वाचू दे सगळ्यांना." तो रुमाल घेऊन गेला. परत दिला नाही.

शिकंजाच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही. सेक्रेटरींनी त्याला मुदतीआधी घरी बसवलं. पण एकवीस जर्नलं कागदावर यायला लागली आणि ती शिवणार कोण, हा प्रश्न होताच. त्याच सुमारास वहिनी निवृत्त झाल्या. आता रोज सकाळी लायब्ररीच्या तळघरात त्या सुईदोरा घेऊन बसतात आणि हा समोर स्टुलावर. लाल कापड संपलं, म्हणून नवे खंडही हिरव्यातच. परवा मी चहा घेऊन गेलो होतो, तेव्हा तो सांगत होता, "अगं, ओढ. अजून ओढ. सैल आहे."

वहिनींनी पानं दुमडायची हाडाची पट्टी उचलली आणि त्याच्या चांगल्या हातावर सप्पकन मारली.

"आता?"

"आता बरोबर," तो म्हणाला, आणि पुढचा अंक तिच्याकडे सरकवला.